पंचेचाळीस फूट

प्रिय टॅरिन,

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. आधीची दोन फाडली असं नाही. अर्ध्यावर उठले आणि परत बसले तेव्हा पुढे काय लिहायचं होतं ते आठवेना. फोनच करणार होते. पण फोनवर मी कशी असते ते तुला माहीत आहे, हवामान सांगून झालं की माझ्याकडे काही उरत नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर वेडंवाकडं दिसेल, त्याला इलाज नाही. उजवा कोपर पंधरा-वीस ओळींच्या पुढे लिहू देत नाही. मग उठून हात झटकते, स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारते, खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसताना बघते. तेव्हा मध्येच कुठे धागा तुटलेला दिसला तर समज की मी उठले होते.

आधी इकडची खबर. तुझे बाबा बरे आहेत. जेवतात, आणि झोपतो असं म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांची गवत कापायची यंत्रं मागून आणली आणि उघडून साफ केली. गवताचा अजून पत्ता नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं यंत्रं दिली आणि परत नेली. सॉफ्टबॉलच्या मैदानावरचं बर्फ गेलं. तिसऱ्या बेसपाशी दर वर्षी साठतं तसं पाणी साठलंय आणि यंदा त्यात दोन बदकं उतरली आहेत. मी कामावरून येताना रोज तिकडून वळसा घालून येते. धान्यकोठारातल्या तपासणीच्या खोलीत अजून मीच आहे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. गव्हाचे नमुने मात्र आता डाव्या हातानं उचलते. ट्रकवाले विचारतात, "काय लोर्ना, डावखुरी कधीपासून झालीस?" मी म्हणते, बदल हवा माणसाला.

आमच्या संघातल्या नोरीननं सामन्यांचं वेळापत्रक पाठवलं आहे. मे महिन्यातल्या त्या जोडून येणाऱ्या सुट्टीच्या शनिवारी, सकाळी अकराला, आपला पहिला सामना. त्याआधी ती फेक. तू विमानाचं तिकीट काढलंस असं बाबा म्हणाले. हॅलिफॅक्सहून एवढ्या लांब तू फक्त त्या एका चेंडूसाठी येणार, हे ऐकल्यापासून मी एका जागी बसलेली नाही.

रिवाज तुला ठाऊक आहे, पण तू तो पाहिलास तेव्हा नऊ वर्षांची होतीस, म्हणून परत सांगते. आमच्यात प्रत्येकीची एक जोडीदारीण असते, सामन्याआधी हात गरम करायला जिच्याशी चेंडूची फेकाफेक करायची ती. एकदा जुळली की जुळली. नोरीन म्हणते, "मी नवरा बदलला, जोडीदारीण नाही." संघातली कुणी गेली, की पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी तिची जोडीदारीण आपल्या जागेवरून तिच्या जागेकडे एक चेंडू फेकते. तिच्या जागी घरचं माणूस उभं असतं, तिचाच ग्लव्ह घालून. चेंडू झेलायचा आणि घरी न्यायचा. भाषण नाही, टाळ्या नाहीत. बाकीच्या जणी बाकावरून उठून उभ्या राहतात, एवढंच. एकवीस वर्षांत हे तीनदा झालं आणि तिन्ही वेळा चेंडू जमिनीला लागला नाही. ही गोष्ट कुणी मुद्दाम सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असते.

तुझी आई पहिल्या बेसवर. मी मुळात तिसऱ्यावर, आणि फेकीला मूळचीच जागा धरतात. मधे सगळं मैदान. मी टेपनं मोजलंय, ब्याण्णव फूट भरतं.

मी हो म्हणाले ते कुठे म्हणाले तेही तुला आठवत असेल. आईच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात. बाहेर लोक अंड्याचे सँडविच खात होते, आपण दोघी कप पुसत होतो. तू मला एक प्रश्न विचारलास. तेवढ्यात नोरीन फुगवलेल्या गव्हाच्या वड्यांचं ताट घेऊन आत आली आणि म्हणाली, "मे महिन्यात फेक तू करशील ना गं? विचारायचं म्हणून विचारते." मी तिला लगेच हो म्हणाले, कारण तिला उत्तर दिलं की तुला द्यावं लागत नव्हतं. मग मी ताट घेऊन बाहेर गेले आणि परत आत आले नाही. त्या प्रश्नाकडे मी येते आहे. जरा वेळ लागेल.

उठले होते. बर्फ लावून आले.

कोपराचं तुला कुणी सांगितलं नसेल, कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. चार उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. दोन दिवसांत सहा सामने होते, गवत ओलं होतं. बेसच्या मागून, तोल गेलेला असताना मी पहिल्या बेसकडे एक चेंडू फेकला आणि कोपराच्या आतल्या बाजूला कुणी गरम तार ओढल्यासारखं झालं. धावत आलेली बाई आउट झाली. तुझी आई चेंडू परत देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला किटली उचलता येईना. मला वाटलं आठवडाभरात जाईल. मग वाटलं हंगाम संपला की जाईल. हिवाळ्यात गेल्यासारखं वाटायचं आणि मे महिन्यात तिसऱ्या फेकीला परत हजर. नंतर हिवाळ्यातही जाईना. मोटारीचा दरवाजा ओढताना, बरणीचं झाकण फिरवताना, नमुन्याचं फावडं पोत्यात खुपसताना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपल्यासारखी होतात आणि उठवता येत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे दुखतं तेव्हापेक्षा दुखत नाही तेव्हा माणूस जास्त अस्वस्थ असतं. सारखं चाचपून बघायचं, आहे का गेलं.

आमच्या संघात दुखणं सांगायची पद्धत नाही. नाव पण आम्ही तसलंच घेतलंय, 'खरकटी भांडी', कारण सामन्याच्या दिवशी सगळ्याजणी भांडी तशीच टाकून येतात. नोरीनचं बोट मोडलं तेव्हा तिनं ते शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधलं आणि म्हणाली, "उरलेली नऊ आहेत की." अशा बाईसमोर कोपर दुखतो म्हणून कसं सांगणार? मी आपली घरी उपाय करत राहिले. कागदी पेल्यात पाणी गोठवायचं, वरचा कागद सोलायचा आणि तो बर्फ कोपरावर गोल गोल फिरवायचा. माझ्या फ्रीजरमध्ये मटारापेक्षा पेले जास्त आहेत. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलती करायची, पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. कोपराखाली पट्टा बांधायचा. पट्टा दिसू नये म्हणून मी जुलै महिन्यात लांब बाह्यांचा सदरा घालून खेळले. तुझी आई म्हणाली, "थंडी वाजते का गं तुला?" मी म्हणाले, डास. ती म्हणाली, "बरं. डास." आणि सूर्यफुलाच्या बियांची पिशवी माझ्यापुढे धरली.

शेवटी फेब्रुवारीत, म्हणजे सगळं झाल्यावर, मी शेजारच्या गावात व्यायामोपचाराला गेले. किर्स्टन नावाची मुलगी आहे, तुझ्याहून लहान. तिनं विचारलं, दुखायला कशानं लागलं? मी म्हणाले, बागकामानं. तिनं हात वाकवून, पिळून, दाबून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "मिसेस हालवर्सन, बागेत नेमकं काय फेकता तुम्ही?" चार वर्षांत पहिल्यांदा मला या हातावरून हसू आलं. मग तिनं सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. हाडं बांधून ठेवणारा आतला दोर झिजला आहे, वर्षानुवर्षं तसाच ओढल्यामुळे. तीन महिने एकही चेंडू नको. मग दहा पावलांवरून सुरुवात, आणि तीही दुखलं तर थांबवायची. मी विचारलं, मे महिन्यात ब्याण्णव फूट? ती म्हणाली, "कुठल्या वर्षीच्या मे महिन्यात?"

मी तिचं ऐकलं नाही. मार्च संपताना मी बर्फावरच्या कर्लिंगच्या खेळाच्या इमारतीमागे जायला लागले, तिथली पत्र्याची भिंत मोठी आहे आणि हंगाम संपल्यावर कुणी फिरकत नाही. टेपनं अंतर मोजलं, ब्याण्णव फुटांवर दगड ठेवला आणि तिथून भिंतीकडे मारायला सुरुवात केली. पहिला चेंडू अर्ध्या वाटेत पडला. मला वाटलं हात थंड आहे. दुसरा तिथेच. खालून, बाजूनं, सगळ्या तऱ्हेनं मारून पाहिलं. बाजूनं मारलं की पाच-सहा फूट पुढे जातो, पण नंतर मला गाडी सुरू करायला किल्ली डाव्या हातानं फिरवावी लागते. रोज कामावरून थेट तिकडे. दहा चेंडू, कधी पंधरा. मग घरी येऊन बर्फ. दुसऱ्या दिवशी काल जिथे पडले त्याच्याही अलीकडे. थांबायला हवं हे कळत होतं आणि पाय तिकडेच वळत होते. एके दिवशी नोरीननं गाडी थांबवून काच खाली केली. "भिंतीनं काय केलंय गं तुझं?" मी म्हणाले, जरा हात मोकळा करते. ती म्हणाली, "कर कर. पण त्या दिवशी जरा हळू मार बाई, पोरगी कधी खेळलेली नाही, घाबरेल." आणि हॉर्न वाजवून गेली. मी पडलेले चेंडू गोळा करायला लागले. तुला चेंडू जोरात लागेल याची काळजी सगळ्यांना आहे. तो तुझ्यापर्यंत पोचणारच नाही, हे फक्त मला माहीत होतं.

मग मी डॉक्टरकडे सुईबद्दल विचारलं. कोपरात सुई घेतली तर दोन-तीन आठवडे दुखणं दबतं. त्या दिवसापुरता हात उसना मिळाला असता. आत दोर तुटेपर्यंत कळणारही नाही, असं किर्स्टन म्हणाली, पण तुटला तर तुटला, एक चेंडू तर जाईल, असं मी धरून चालले होते. मेच्या दहा तारखेची वेळ घेतली. आणि त्याच आठवड्यात तुझ्या बाबांनी मला बोलावलं, आईचं खेळाचं सामान काढायला.

आता सोमवार आहे. वरचं शनिवारी लिहिलं.

मैदानावर हात गरम करण्याचं तुला सांगायला हवं, नाहीतर बाबांचं सांगून उपयोग नाही. दोन रांगांत समोरासमोर उभं राहायचं, दहा पावलांवर. चार-सहा चेंडू झाले की एक रांग एक पाऊल मागे. असं करत सगळ्या लांब जातात. आम्ही दोघी या एकवीस वर्षांत जे काही बोललो ते तेव्हा बोललो. समोर बसून, कॉफी घेऊन आम्हाला कधी जमलं नाही. तुझी आई गप्पा मारणारी होती, पण खरं काही सांगायचं असलं की तीही माझ्यासारखीच. हातात चेंडू असला की तोंडाकडे बघावं लागत नाही, चेंडूकडे बघायचं असतं. ती एक वाक्य बोलणार आणि फेकणार. मी झेलणार, जरा थांबणार, एक वाक्य बोलणार आणि फेकणार. माझं लग्न मोडलं ते मी तिला तसंच सांगितलं, बहुतेक अकरा चेंडूंत. तू पहिल्यांदा घर सोडून गेलीस तेव्हा तिनं चेंडू नुसता हातात फिरवत ठेवला आणि म्हणाली, "पोरगी मागे वळून बघत नाही गं." मी म्हणाले, फेक. तिनं फेकला.

गेल्या तीन हंगामांत आम्ही बाकीच्यांइतक्या लांब जात नव्हतो. मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. दरवेळी काहीतरी असायचंच. कधी तिच्या डोळ्यांवर ऊन यायचं. कधी वाऱ्यानं तिला माझं ऐकू यायचं नाही. "थांब इथेच, ओरडायला लावू नकोस म्हातारीला." कधी मी एक पाऊल मागे गेले की ती न बोलता एक पाऊल पुढे आलेली असायची. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायचे आणि तिला पत्ता लागला नाही म्हणून खूश व्हायचे. मग दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, तिचा गुडघा गेलाय, लांबचे चेंडू घ्यायला आता ताणता येत नाही. तू दुसऱ्या बेसवर ये, जवळून दे, माझ्यावर उपकार कर. सगळ्यांसमोर म्हणाली. मी जरा आढेवेढे घेतले आणि मग मोठ्या मनानं कबूल झाले. नोरीननं माझ्या पाठीवर थाप मारली, मैत्रिणीसाठी जागा सोडली म्हणून. दोन वर्षं मी तो मोठेपणा मिरवला.

तर बाबा आणि मी गॅरेजमध्ये तिची पिशवी काढत होतो. बुटांत माती होती, ग्लव्हमध्ये सूर्यफुलाच्या बिया. मी पिशवीत गुडघ्याचा पट्टा शोधत होते. म्हणाले, मर्व्ह, तिच्या गुडघ्याचा पट्टा कुठे असेल, तो संघातल्या कुणाला उपयोगी पडेल. बाबांनी विचारलं, "कुठल्या गुडघ्याचा?" मी म्हणाले, उजव्या. ते म्हणाले, "अगं, ती ऑगस्टमध्ये छपरावर चढून पत्रे ठोकत होती, मी खाली शिडी धरून उभा. दिवसातून वीस वेळा वर-खाली. गुडघ्याला काय धाड भरली होती तिच्या?" मग त्यांनीच दोन आणि दोन चार केले असावेत, कारण ते म्हणाले, "तुझा कोपर कसा आहे आता?" मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? ते म्हणाले, "चार वर्षं मी या घरात तुझ्या कोपराबद्दल ऐकतोय, लोर्ना. आज लोर्नानं किती फेकले, आज लोर्नाला किती लागलं. मला माझ्या हातापेक्षा तुझा पाठ आहे."

मी ग्लव्ह मांडीवर घेऊन तिथल्या उलट्या बादलीवर बसले. बाबा मग ऑक्टोबरबद्दल बोलले. त्यांना वाटलं मला माहीत आहे. तुलाही तसंच वाटतं, म्हणून हे पत्र.

तू चर्चच्या स्वयंपाकघरात मला विचारलं होतंस, "लोर्ना, तुला केव्हापासून माहीत होतं?" तुझा आवाज मोठा नव्हता. तू म्हणालीस, "आई मला शेवटी सांगेल हे समजू शकते, मी लांब आहे. पण तुला पहिल्यांदा सांगितलं असेल तर तू मला एक फोन करू शकली असतीस. तीन आठवडे आधी आले असते." मी कप पुसत राहिले. तू माझ्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा घेतलास आणि मी घेऊ दिला, कारण खरं उत्तर त्याहून वाईट होतं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास तुझ्या आईचा फोन आला. ऊन होतं, वारा नव्हता, आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये असे दिवस दोन किंवा तीन. ती म्हणाली, "येतेस का मैदानावर? चार चेंडू फेकू. परत अशी हवा मिळायची नाही." हंगाम संपून महिना झाला होता. तिनं असं कधी बोलावलं नव्हतं, हंगाम संपल्यावर तर कधीच नाही. पण मला आदल्या दिवशी कोपर इतका लागला होता की केस विंचरता येत नव्हते, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की आज तिच्यासमोर फेकलं तर तिला कळेल. मी म्हणाले, जमणार नाही, घर गरम ठेवायची भट्टी तपासायला माणूस यायचाय. सणाच्या रविवारी भट्टीचा माणूस. फोनवर ती मग हसली आणि म्हणाली, "बरं. भट्टी महत्त्वाची. थंडी येतेय."

तिची तपासणी गुरुवारी झाली होती. डॉक्टरांनी शुक्रवारी आजाराचं सांगितलं होतं. बाबांना माहीत होतं, बाकी कुणाला नाही. बाबा म्हणाले की ती रविवारी सकाळी म्हणाली होती, "आधी लोर्नाला सांगते. चेंडू फेकता फेकता सांगितलं की मला जमेल. एकदा तोंडातून निघालं की मग टॅरिनला फोन करते." म्हणजे माझ्यावर सराव करणार होती, तुला सांगण्याचा. माझा फोन ठेवल्यावर ती गाडी घेऊन गेली, तासाभरानं आली आणि सणाचा स्वयंपाक करायला लागली. ती मैदानावर गेली होती की नाही ते बाबांना माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही. मी घरातच होते. भट्टीच्या शेजारी नाही, पलंगावर, कोपराखाली उशी घेऊन.

त्यानंतर तीन आठवडे तिला तो विषय काढताच आला नाही. शेवटी तुला बाबांनीच फोनवर सांगितलं आणि मलाही बाबांनीच, त्याच दिवशी. तुझ्याआधी मला काही माहीत नव्हतं, टॅरिन. पण माहीत असायला हवं होतं, आणि मला असतं तर तुलाही लगेच कळलं असतं. तुझे ते तीन आठवडे माझ्याकडून गेले. सॅस्काटूनच्या इस्पितळात मी दर शनिवारी जायचे, तुला माहीत आहे. आम्ही सगळं बोललो, नोरीनचं, बाबांच्या सूपचं, समोरच्या पलंगावरच्या बाईच्या मुलाचं. ऑक्टोबरचं मी कधी काढलं नाही. डिसेंबरमध्ये एकदा मी तिच्या खिडकीचा पडदा ओढत होते, डाव्या हातानं, तेव्हा ती मागून म्हणाली, "लोर्ना, भट्टी कशी आहे गं?" मी म्हणाले, चालतेय. ती म्हणाली, "छान." आणि डोळे मिटले. ती वाट बघत होती हे मला कळत होतं. मी पडदा नीट केला. तिथे खुर्ची होती, ती पलंगाजवळ ओढून बसायचं आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. मी पडद्याची दुसरी बाजू नीट करायला गेले.

परत उठले होते. आता शेवटचं पान आहे.

सुईची वेळ मी आज सकाळी रद्द केली. भिंतीकडे जाणंही आठ दिवसांपासून बंद आहे. शेवटच्या दिवशी जाऊन मी शांतपणे, जोर न लावता, किर्स्टननं दाखवलं तसे पाच चेंडू फेकले आणि ते कुठे पडतात ते टेपनं मोजलं. पंचेचाळीस फूट. पाचही जवळपास तिथेच. त्या दिवशी दुखलंही नाही फारसं. तिसऱ्या बेसपासून पहिल्याच्या दिशेनं पंचेचाळीस फूट म्हणजे बरोबर मैदानाच्या मध्ये, चेंडू टाकणारी पिचर उभी राहते त्या जागेच्या जवळ. नोरीनला मी सांगितलं आहे, काल, तिच्या दारात उभी राहून. कोपराचं, चार वर्षांचं, सगळं. ती मग म्हणाली, "गाढव आहेस." मग आत जाऊन गोठवलेल्या मटाराची पिशवी घेऊन आली.

तर हे तुझ्याकडे मागायला मी हे पत्र लिहिते आहे. तुला माझा राग आला असेल तर येऊ दे, तो घेऊनच ये, पण ये. आईचा ग्लव्ह मी तेल लावून ठेवला आहे. पहिल्या बेसवर जाऊन उभी राहा, रिवाजाप्रमाणे, आईच्या जागेवर पाय ठेव. आणि मग तिथून निघून माझ्याकडे चालत ये, मध्यापर्यंत. सगळ्यांसमोर, सावकाश. तुझी आई पुढे यायची ती मला कळू न देता यायची. तू तशी येऊ नकोस. बाकावर उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसू दे की लोर्नाचा चेंडू तेवढाच जातो. एखादा टप्पा पडला तर पडू दे. आणि आणखी एक. चेंडू घरच्यांनी घेऊन जायचा असतो, पण तू तो लगेच खिशात टाकू नकोस. मला परत फेक. जसा जमेल तसा, खालून फेकलास तरी चालेल. मग मी तुला फेकीन. सामना अकराला आहे, आपण दहालाच जाऊ. तुला जे काही विचारायचं असेल ते एकेक करून विचार, चेंडू हातात असताना. मी झेलीन, आणि या वेळी उत्तर देऊनच परत फेकीन.

तुझीच,
लोर्ना